कॅलेंडर कुणाच्या थंडीचं?

गळाने मासे पकडण्याबद्दल इंग्रजीत छापलेला सगळ्यात जुना मजकूर १४९६ सालचा आहे. डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या बाईंनी तो लिहिला असं परंपरेने सांगतात, पण त्याला ठोस पुरावा नाही. त्या मजकुरात बारा खोट्या कीटकांची यादी आहे. कुठल्या महिन्यात कुठल्या रंगाची लोकर आणि कुठल्या पक्ष्याचं पीस गळावर गुंडाळलं की ट्राउट मासा फसेल, याचा सगळा तपशील त्यात दिलाय. यादी मार्चमध्ये सुरू होते आणि ऑगस्टमध्ये संपते.

मी ही यादी वाचली तेव्हा त्या बारा कीटकांपेक्षा गायब असलेल्या सहा महिन्यांकडे माझं लक्ष जास्त गेलं. दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. अर्धं वर्ष हाताळलेलंच नाही असं दिसलं की पहिला प्रश्न पडतो, लिहिणारा विसरला की त्याने मुद्दाम सोडलं?

या प्रश्नामागे लागलो आणि मग वाचतच गेलो. थंडीच्या महिन्यांत डोंगरी नदीतल्या ट्राउटचं करायचं काय, याला गेल्या पाचशे वर्षांत माणसांनी तीन उत्तरं दिली. पहिलं म्हणजे थंडीत मासा कसा वागतो ते शिकायचं आणि तरीही गळ टाकायचा. दुसरं, गळ गुंडाळून ठेवायचा. तिसरं उत्तर एकोणिसाव्या शतकातलं आणि सगळ्यात अचाट आहे. थंडीलाच कामाला लावायचं आणि हा मासा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा. या तिसऱ्या उत्तरामुळे ट्राउट हिमालयात आला. येताना तो आपलं कॅलेंडर घेऊन आला, आणि ते कॅलेंडर आपण आजही पाळतो.

आधी थोडं फ्लाय फिशिंगबद्दल

आपल्याकडे गळ म्हटलं की गांडूळ किंवा कणकेची गोळी डोळ्यांसमोर येते. आमिषाला किंवा शिशाच्या तुकड्याला वजन असतं, म्हणून ते लांब फेकता येतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लोकर, दोरा गुंडाळून केलेला खोटा कीटक. त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते दोरीला. लवचीक काठीने ती दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची आणि मग पाण्यावर अशी सोडायची, की टोकाचा कीटक जणू आपणहून येऊन बसला.

ही युक्ती इंग्रजांची नाही. साधारण इसवी सन २००च्या आसपास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून नदीतले ठिपकेदार मासे पकडतात. त्या वर्णनावरून बहुतेक जण ते मासे ट्राउटच असावेत असं मानतात. जपानच्या डोंगरांतही रीलशिवाय, नुसती लांब काठी आणि दोरी वापरून असंच मासे पकडत. त्याला तेन्कारा म्हणतात. थोडक्यात, जिथे थंड, वाहतं पाणी आणि कीटक खाणारे मासे होते, तिथे ही कल्पना माणसाला सुचली.

यात मेख अशी आहे, की कीटकाची नक्कल करायची तर आधी कीटक हवेत. थंडीत ते फारसे नसतात.

थंडीत मासा काय करतो

ट्राउटच्या शरीराचं तापमान पाण्याइतकंच असतं. पाणी गार झालं की त्याचं सगळं यंत्र मंद चालतं, लॅपटॉप बॅटरी-सेव्हर मोडवर जावा तसं. पाणी १२ ते १६ अंश सेल्सियस असताना तो झडप घालून खातो. ४-५ अंशांच्या खाली गेलं की हालचाल कमी, पचन सावकाश, भूकही थोडी. वेगवान प्रवाहात टिकून राहायला ताकद लागते, म्हणून तो खोल, संथ डोहाच्या तळाशी जातो आणि दगडांच्या आडोशाला थांबतो. खाणं अगदी तोंडासमोरून वाहत आलं तरच घेतो.

थंडी त्याची शत्रू आहे असं मात्र नाही. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. शून्य अंशाला एका लिटरमध्ये साधारण साडेचौदा मिलिग्रॅम, तर वीस अंशाला नऊच्या आसपास. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो. वीस अंशांच्या वर तो अस्वस्थ होतो आणि पंचविशीच्या आसपास मरायला टेकतो. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये ट्राउट नाही याचं कारण एवढंच. पावसाळ्यात ओढे कितीही देखणे दिसले, तरी ते पाणी त्याच्यासाठी कोमट असतं.

आणखी एक गोष्ट. तपकिरी ट्राउट अंडी घालतो तो थंडीच्या तोंडावर आणि ऐन थंडीत. मादी स्वच्छ खडीच्या तळावर शेपटी आपटून खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यांवर वीर्य सोडतो आणि मग मादी वरून खडी लोटून खळगा बुजवते. पुढचे काही महिने ती अंडी खडीखाली असतात. फटींमधून ताजं पाणी वाहत राहिलं तर जगतात. वर गाळ बसला तर गुदमरतात. कुणी त्या खडीवरून चालत गेलं तर चिरडतात.

म्हणजे त्या जुन्या यादीतला सहा महिन्यांचा खड्डा विसरभोळेपणा नव्हता. त्या महिन्यांत पाण्यावर कीटक कमी, मासा मंद, आणि नदीत मासा कमी दिसत असला तरी खडीखाली पुढची पिढी.

जानेवारीचा फ्लाय

तरी माणूस तो माणूसच. १६७६ साली आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीला त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने एक भाग जोडला. कॉटन डर्बीशरमधल्या डव्ह नदीकाठचा. इंग्लंडच्या सपाट, संथ नद्यांपेक्षा ही नदी वेगळी. डोंगरी, खडकाळ आणि स्वच्छ पाण्याची. त्याने तिथे मासेमारीसाठी एक छोटं दगडी घर बांधलं आणि दारावर स्वतःची आणि वॉल्टनची आद्याक्षरं गुंफून कोरली. ते घर अजून उभं आहे.

कॉटनने साठहून अधिक फ्लायची यादी दिली आणि ती जानेवारीपासून सुरू केली. पुढे डिसेंबरपर्यंत एकही महिना सोडला नाही. डिसेंबरच्या नोंदीत तो मान्य करतो, की या दिवसांत फ्लाय टाकणारे फार थोडे. पण एखादा दिवस उबदार निघाला तर काय बांधायचं, तेही सांगून ठेवतो. मला हा माणूस आवडतो. त्याने थंडी नाकारली नाही, थंडीतली उन्हाची एक तिरीप शोधली. आजही थंडीत फ्लाय टाकणारे हेच करतात. पहाटे जात नाहीत. ऊन डोक्यावर येऊन पाणी एक-दोन अंशांनी तापतं, त्या दोन-तीन तासांत जातात.

पुढची मोठी भर पाण्याखालची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेडरिक हॅलफर्डने दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांतून निघणाऱ्या नद्यांवर एक पंथच उभा केला. पाण्यावर तरंगणारा फ्लाय हाच खरा, तोही मासा वर येताना दिसल्यावरच टाकायचा. झऱ्यांवर पोसलेल्या त्या नद्यांचं पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाचं असतं. तिथे हा नियम चालून गेला आणि काही क्लबांमध्ये धर्मासारखा पाळला गेला. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली पुस्तक लिहून म्हटलं, मासा आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच घेतो, तर तिथल्या अळ्यांची नक्कल का करू नये? हा वाद इतका पेटला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

वाद मिटवला तो एका नदीराख्याने. फ्रँक सॉयर विल्टशरमधल्या एव्हन नदीची देखभाल करायचा. त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू घेतले आणि दोऱ्याऐवजी बारीक तांब्याच्या तारेने ते गळावर गुंडाळले. तार बांधायचंही काम करते आणि वजनही देते. दोन गरजा, एक भाग. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला असं एक उदाहरण कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तो फ्लाय तळाकडे जातो, जिथे गारठलेला मासा बसलेला असतो. पुढे १९८०च्या दशकात पोलंड आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या स्पर्धकांनी वजनदार अळ्या, आखूड दोरी आणि हातातल्या स्पर्शावर भर देणारी पद्धत जगापुढे आणली. थंड पाण्यातली आजची बहुतेक मासेमारी या वंशातली आहे.

शिकायचं की थांबायचं, या दोन उत्तरांची इंग्लंडने एक तडजोडही काढली. थंडीत ट्राउटला हात लावायचा नाही, पण ग्रेलिंग नावाचा त्याचा भाऊबंद वसंतात अंडी घालतो, तेव्हा हिवाळ्यात त्याच्यावर फ्लाय टाकायचा. ज्याची विणीची वेळ, त्याला सुट्टी. हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बर्फातली अंडी

आता तिसरं उत्तर. ऑस्ट्रेलिया खंडात ट्राउटही नव्हता आणि सामनही. तिथे गेलेल्या इंग्रजांना घरची नदी हवी होती. जिवंत मासा शिडाच्या जहाजावर तीन महिने टिकणार नाही. अंडी न्यावीत, तर ती विषुववृत्ताच्या उष्म्यात वाटेतच फुटणार किंवा नासणार. १८५२ ते १८६२ या दहा वर्षांत तीन प्रयत्न फसले.

जेम्स यूल या टास्मानियन जमीनदाराच्या लक्षात आलं, की प्रश्न अंतराचा नाही, घड्याळाचा आहे. तपकिरी ट्राउटचं अंडं साधारण ११ अंशांच्या पाण्यात पाचेक आठवड्यांत फुटतं. तेच पाणी २ अंशांवर आणलं तर जवळजवळ पाच महिने लागतात. अंड्याला दिवस कळत नाहीत. त्याला उष्णतेची बेरीज कळते. म्हणजे गारठा द्या, वेळ विकत घ्या. यूलने ओल्या शेवाळात अंडी ठेवून लंडनच्या वेनम लेक आइस कंपनीच्या बर्फाच्या तळघरात प्रयोग केले. अमेरिकेतल्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजांतून जगभर विकण्याचा तो काळ होता. त्याच धंद्यातला बर्फ १८३०च्या दशकात मुंबईलाही आला होता आणि इथल्या शेठांच्या मेजवान्यांत मिरवला होता.

जानेवारी १८६४ मध्ये नॉरफोक नावाचं जहाज निघालं. पोटात बर्फाची खोली, तिच्यात शेवाळाने भरलेल्या लाकडी पेट्या, त्यांत सामनची जवळपास एक लाख अंडी. निघता निघता फ्रँक बकलंड आणि फ्रान्सिस फ्रान्सिस या दोन मत्स्यप्रेमींनी ट्राउटची तीनेक हजार अंडी भेट म्हणून दिली. एप्रिलच्या मध्याला जहाज मेलबर्नला पोहोचलं आणि अंडी पुढे टास्मानियातल्या प्लेंटी नदीकाठी गेली. मे महिन्यात पहिला ट्राउट फुटला.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, ते सामन मोठे होऊन समुद्रात गेले आणि परतलेच नाहीत. फुकटात आलेले ट्राउट मात्र ठाण मांडून बसले. १८६७ साली त्यांच्या वंशाची अंडी न्यूझीलंडला गेली. तिथल्या नद्यांचं नशीबच बदललं, आणि तिथल्या मूळ माशांचंही.

श्रीनगरचा गालिचेवाला

भारतातही हे प्रयत्न चालू होते. निलगिरीत १८६०च्या दशकात फ्रान्सिस डे यांनी प्रयत्न केला, तो साधला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे इंद्रधनुषी ट्राउट रुजला. हिमालयात तपकिरी ट्राउट आणला तो फ्रँक मिचेल याने. तो श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवायचा. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली दहा हजार अंडी वाटेत मेली. १९००च्या अखेरीस स्कॉटलंडच्या हाउइटन उबवणी केंद्रातून दुसरी खेप आली. त्या काळी श्रीनगरला रेल्वे नव्हती. रावळपिंडीपर्यंत आगगाडी, पुढे झेलमच्या खोऱ्यातला गाडीरस्ता. ही खेप जगली. पुढे श्रीनगरजवळ हारवनला उबवणी केंद्र झालं आणि तिथली पिल्लं काश्मीरच्या नद्यांमध्ये सुटली.

१९०९ साली कुल्लूतले ब्रिटिश अधिकारी जी. सी. एल. हॉवेल यांनी काश्मीरहून अंडी आणून कटराईंजवळ महिली इथे केंद्र सुरू केलं. बियास आणि तिच्या उपनद्यांमध्ये ट्राउट पसरला तो असा. दोन्हीकडे खेळाचे नियमही सोबत आले. नदीचे तुकडे पाडायचे, त्यांना बीट म्हणायचं, परवाना घ्यायचा, ठरलेल्या महिन्यांतच गळ टाकायचा.

हे सगळं एका हौसेखातर झालं, एवढं सांगून पुढे गेलं तर गोष्ट अर्धी राहते. त्या नद्या रिकाम्या नव्हत्या. त्यांत शायझोथोरॅक्स कुळातले मासे होते आणि आहेत. इंग्रजांनी त्यांना स्नो ट्राउट म्हटलं, पण ते ट्राउट नव्हेत. रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातले आहेत. उत्तराखंडात त्यांना असेला म्हणतात, हिमाचलात गुगली. क्रिकेटवाली नव्हे. हा मासा खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणून फ्लायला सहसा भुलत नाही. साहेबाच्या खेळात तो कामाचा नव्हता. डोंगरातल्या माणसांच्या ताटात मात्र तोच होता.

आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची एक प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात तपकिरी आणि इंद्रधनुषी असे दोन्ही ट्राउट आहेत. बिबट्याला पाळीव मांजर म्हणून गावात सोडावं, तसं काहीसं हे अनेक नद्यांत झालं. मोठा ट्राउट लहान मासे खातो, आणि त्यात गुगलीची पिल्लंही येतात.

तीर्थनच्या काठी, मार्चमध्ये

तीर्थन ही कुल्लू जिल्ह्यातली नदी. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते आणि पुढे लारजीपाशी बियासला मिळते. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यांवर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. मी गेलो तो मार्चचा पहिला आठवडा. बंदी उठलेली, पण काठावरच्या सावल्यांमध्ये अजून बर्फ.

ही वेळ मुद्दाम निवडली होती. एप्रिल-मेनंतर वरचं बर्फ वितळून पाणी गढूळ होतं, मग पावसाळा. नदी निवळशंख असते ती थंडीच्या दोन कडांना, मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये. म्हणजे हिमालयात फ्लाय फिशिंगचा चांगला मोसम हाच मुळी थंडीचा मोसम.

सोबत होमस्टेचे मालक होते. वय पन्नाशीच्या पुढे, सगळे त्यांना भाईजी म्हणत, म्हणून मीही भाईजी म्हणू लागलो. मी थर्मामीटर नेला होता. सकाळी आठला पाणी ५ अंश. भाईजी म्हणाले, "अभी चाय पियो. मछली भी सो रही है।" अकरा वाजता ७ अंश. मग निघालो.

त्यांनी मला पाण्याकडे बघूच दिलं नाही. दगडांकडे बघायला सांगितलं. मोठ्या दगडाच्या मागे प्रवाह जिथे मऊ होतो, तिथे तळाशी मासा असणार. तांब्याची तार गुंडाळलेला फ्लाय वरच्या अंगाला टाकायचा, बुडू द्यायचा आणि दोरीचं टोक बघत राहायचं. थंडीतला मासा ओढत नाही. टोक फक्त अर्धा क्षण अडखळतं. दोन दिवसांत चारदा अडखळलं, एकदा मासा लागला. वीतभर लांब, पोटाला लोण्याचा पिवळा रंग, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. भाईजींनी हात आधी ओले करायला लावले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ काढला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि तो निघून गेला.

एका उथळ, खडीच्या पट्ट्याला वळसा घालून ते मला लांबून घेऊन गेले. खाली अजून अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं असू शकतात, म्हणाले. नियमाने बंदी उठली होती. पाणी अजून गार होतं, म्हणून खडीखालचं काम संपलं नव्हतं. तारीख सरकारची, बेरीज पाण्याची.

मी गुगलीबद्दल विचारलं. "दादाजी तो वही पकड़ते थे। ट्राउट तो साहब लोगों की थी।" मग थोडं थांबून, "अब तो मेरी रोटी ट्राउट से है।"

मग कॅलेंडर कुणाचं?

कोकणातल्या वाचकांना बंदीचा काळ नवा नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. खवळलेला समुद्र आणि माशांच्या विणीचे दिवस, दोन्हींचा त्यात विचार आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात तर देवीचे मासे म्हणून बाराही महिने कुणी गळ टाकत नाही. तिथे महाशीर निर्धास्त फिरतात. विणीला आणि वसतीला मोकळं सोडावं, ही अक्कल कुठल्या साहेबाने जहाजातून आणावी लागली नाही.

म्हणूनच हिमाचलातल्या तारखा मला पुन्हा पुन्हा बघाव्याशा वाटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही ट्राउटच्या विणीची वेळ. काश्मीरच्या शायझोथोरॅक्स माशांची वीण वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते. म्हणजे पाहुण्याच्या बाळंतपणात नदी बंद, आणि घरच्याच्या बाळंतपणात परवान्याची खिडकी उघडी. खालच्या, ट्राउट नसलेल्या पाण्यांसाठी हिमाचलात पावसाळ्यातली वेगळी बंदी आहे. पण ट्राउटच्या वरच्या नद्यांचं कॅलेंडर स्कॉटलंडच्या अंड्यांसोबत आलेलं आहे. कुणी दुष्टपणाने असं केलं नाही. ज्याच्यासाठी नदी राखायची, त्याच्या थंडीवरून तारखा ठरल्या, एवढंच.

यावर "ट्राउट हाकला" असं म्हणणं सोपं आहे, आणि मी ते म्हणणार नाही. सव्वाशे वर्षांनंतर तो काढता येणार नाही, आणि भाईजींसारख्यांची चूल त्यावर पेटते. शिवाय ट्राउटमुळे नदीला राखणदार मिळाले. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येणार होते तेव्हा स्थानिक लोक उभे राहिले, आणि ती नदी आज मोकळी वाहते. खाली लारजीला धरण आहे; तिथे उभं राहिलं की फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. मोकळ्या नदीचा फायदा गुगलीलाही होतो.

पण थंडीच आता भरवशाची राहिलेली नाही. हिमालय तापतोय, बर्फ कमी-जास्त आणि अवेळी पडतंय. जुलै २०२३ मध्ये कुल्लूत बियासला आलेल्या पुराने रस्ते, पूल, घरं नेली आणि नदीच्या तळाची उलथापालथ केली. खडीवर गाळ बसला की अंडं ट्राउटचं आहे की गुगलीचं, याने काही फरक पडत नाही. पाणी तापत गेलं की दोघांनाही वर सरकावं लागेल. वरची जागा मर्यादित आहे, आणि तिथे दोघं समोरासमोर येणार.

म्हणून मला वाटतं, ठरलेल्या तारखांच्या जोडीला पाण्याचं तापमान मोजायला हवं. दर बीटवर एक साधा सेन्सर आणि रोजची नोंद, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. आमच्या क्षेत्रात याहून क्षुल्लक गोष्टी आम्ही दर सेकंदाला मोजतो. त्यावरून खडीखालची बेरीज कधी पूर्ण होते ते कळेल, आणि त्याप्रमाणे बंदी आठवडाभर पुढे-मागे करता येईल. दुसरं, ज्या छोट्या ओढ्यांत गुगली चढून अंडी घालते, ते तिच्या विणीच्या दिवसांत बंद ठेवायचे. ग्रेलिंगला आणि ट्राउटला वेगवेगळी सुट्टी देणं इंग्लंडला जमलं, तर इथे न जमण्याचं कारण नाही.

त्या मार्चमधली परवान्याची पावती मी अजून ठेवली आहे. तिच्यावर नदीचं नाव आहे, तारीख आहे, आणि माशाच्या जागी ट्राउट. खाली दुसऱ्या माशाचं नाव लिहिता येईल इतकी जागा रिकामी आहे.